वास कुठून येतोय, ते आधी शोधा

पाऊस लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एप्रिल-मेमध्ये धापा टाकणाऱ्या पगांची पत्रं असतात. जुलैत बहुतेकांची तक्रार एकच : घरात कुत्र्याचा वास येतो. या वेळी मी छोट्या जातींच्या कुत्र्यांची पत्रं वेगळी काढली आहेत. ही कुत्री फ्लॅटमध्ये, सोफ्यावर, पलंगावर, आपल्या मांडीवर राहतात. त्यामुळे त्यांचा वास लगेच जाणवतो आणि शाम्पू, पावडर, अत्तर यांचा मारा सगळ्यात जास्त त्यांच्यावरच होतो.

निरोगी आणि कोरड्या कुत्र्याला त्याचा म्हणून एक हलका वास असतो, पण पाहुण्याने दारातच नाक मुरडावं असा नसतो. तसा येत असेल, तर बहुतेक वेळा तो अंगाच्या एका ठरावीक जागेवरून येतो. ती जागा सापडेपर्यंत अंगावर काहीही फवारू नका, एवढीच माझी सगळ्यांना विनंती आहे.

प्रश्न : आमचा बिट्टू चार वर्षांचा शिह त्झू आहे. रोज सकाळी पाषाण तलावाच्या बाजूला फिरायला नेते. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याला आंबूस, कुबट वास येतोय. आठवड्यातून तीनदा अंघोळ घालते, लहान बाळांच्या शाम्पूने, म्हणजे सौम्य असेल म्हणून. अंघोळीनंतर थोडा वेळ बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा तेच. लिफ्टमध्ये शेजारच्या बाई नाकाला ओढणी लावतात. सासूबाई म्हणतात, त्याला गॅलरीत ठेव. तो डोकं खूप झटकतो आणि रात्री पुढचे पंजे चाटत बसतो, पण ती त्याची जुनी सवय आहे. काय करू?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. डोकं झटकणं आणि पंजे चाटणं या सवयी नाहीत. त्याला खाज सुटते आहे. वास आणि खाज यांचं मूळ बहुधा एकच आहे.

आज संध्याकाळी, तो कोरडा असताना, त्याला मांडीवर घ्या आणि एकेका जागी नाक नेऊन वास घ्या. तोंड, दोन्ही कानांची आतली बाजू, काखा, पंजाच्या बोटांमधली जागा, शेवटी शेपटीखाली. किळस वाटू देऊ नका. दवाखान्यात माझं निम्मं निदान याच पद्धतीने सुरू होतं. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, वास कानांतून आणि पंजांमधून येत असेल. बोटं पसरून बघा. मधली कातडी लालसर आणि केस तपकिरी झालेले दिसले, तर ते सततच्या लाळेचे डाग आहेत.

प्रत्येक कुत्र्याच्या कातडीवर जिवाणू आणि मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट थोड्या प्रमाणात असतंच. तिथे ओल, ऊब आणि तेलकटपणा वाढला की त्यांची संख्या बेसुमार वाढते आणि तो आंबलेला, खवट वास सुटतो. ओल्या कुत्र्याचा वास जास्त येतो त्याचंही कारण हेच. पाणी पडलं की केसांत साचलेले वासाचे घटक हवेत मिसळतात. शिह त्झूचा कोट दाट असतो, वरचे केस लांब असतात. टॉवेलने पुसल्यावर वरून तो सुका वाटतो, आत कातडी तासन्‌तास ओली राहते. आठवड्यातून तीन अंघोळी आणि रोज सकाळचा पाऊस, म्हणजे बिट्टूची कातडी या महिन्यात पूर्ण कोरडी झालीच नसेल.

बाळांचा शाम्पू बंद करा. माणसाची कातडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची साधारण उदासीनतेच्या जवळ. आपल्यासाठी सौम्य ते त्याच्यासाठी योग्यच असेल असं नाही. डॉक्टरांकडे जा आणि त्यांना कातडीवर चिकटपट्टी किंवा काचपट्टी दाबून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. काही मिनिटांची तपासणी आहे, पण तिच्याशिवाय दिलेलं औषध म्हणजे अंदाजपंचे. यीस्ट सापडलं तर क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला औषधी शाम्पू सहसा आठवड्यातून दोनदा, काही आठवडे वापरायला सांगतात. त्यात सगळे चुकतात ती एकच गोष्ट : फेस अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा असतो. घड्याळ लावा. मग भरपूर पाण्याने धुवा आणि मुळापर्यंत वाळवा. टॉवेल चोळू नका, दाबून पाणी टिपा. नंतर ड्रायर थंड हवेवर ठेवून काखा, कानामागची जागा, बोटांच्या बेचक्या वाळवा. फिरून आल्यावर रोज अंघोळ नको. पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुऊन असेच वाळवले तरी पुरे. पावसाळ्यापुरते केस आखूड करून घ्या. ग्रूमर त्याला पपी कट म्हणतात. कातडीपर्यंत वस्तरा मात्र नको.

कानाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. लोंबत्या कानाच्या कुत्र्यात तिथे हवा खेळत नाही, शिवाय शिह त्झूच्या नळीत केसही असतात. बड घातला की मळ त्या वळणावर जाऊन ठासून बसतो. मागच्या वर्षीची उरलेली कानातली औषधंही घालू नका. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी श्रवणशक्ती कायमची जाऊ शकते, म्हणून डॉक्टर आधी दुर्बिणीने पडदा बघतात. ते सांगतील ते कान धुण्याचं द्रावण नळीत भरा, कानाचं मूळ बाहेरून अर्धा मिनिट चोळा, त्याला डोकं झटकू द्या आणि बाहेर आलेलं कापसाने पुसा.

एवढं करूनही दर पावसाळ्यात हे परत येत असेल, तर मुळाशी ॲलर्जी आहे का ते तपासावं लागेल. धूळ, परागकण, बुरशी, पिसवा, कधी अन्न. पंजे चाटणारी, कान सतत बिघडणारी कुत्री बरेचदा ॲलर्जीची असतात. ती समूळ जात नाही, पण औषधांनी आणि काळजीने चांगली आटोक्यात राहते.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगून एवढं सांगा : पावसात गॅलरी ओली असते. तिथे ठेवलं तर वास वाढेल, वरून तो घाबरेल. घरात खरा बदल करायचा तर त्याची गोधडी काढा. या दिवसांत गोधडी आतून वाळतच नाही. जुन्या सुती चादरी आलटून पालटून घाला, गरम पाण्यात धुवा, पंख्याखाली वाळवा. कापूर, टी ट्री तेल, डेटॉलचं पाणी यांतलं काहीही त्याच्या अंगाला लावू नका. कुत्री अंग चाटतात, आणि पाच-सहा किलोच्या जिवाला थोडंसं विषही फार असतं. फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटणं हेही त्यातलंच.

प्रश्न : आमची कुकी पॉमेरेनियन मिक्स आहे, तीन वर्षांची. मधूनच अचानक तिला सडलेल्या मासळीसारखा भयंकर वास येतो आणि बसलेल्या जागी तपकिरी डाग पडतो. तळजाई टेकडीवर मोठं कुत्रं अंगावर आलं तेव्हाही तसंच झालं. अधूनमधून ढुंगण फरशीवर घासत जाते. जंत असतील म्हणून दोनदा औषध दिलं. ग्रूमर दर महिन्याला तिथली ग्रंथी दाबून देतात, तरी फरक नाही.
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : हा वास गुदग्रंथींचा. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ वाजतात साधारण त्या जागी, दोन छोट्या पिशव्या असतात. शी घट्ट असली की बाहेर पडताना त्या दाबल्या जातात आणि आपोआप रिकाम्या होतात. कुत्रं घाबरलं तरी होतात, तळजाईवर तेच झालं. त्यात आजार काही नाही. मात्र घासणं आणि पुन्हा पुन्हा डाग पडणं हे पिशव्या नीट रिकाम्या होत नसल्याचं लक्षण आहे. छोट्या जातींत हे खूप दिसतं.

ग्रूमरकडून दर महिन्याला दाबून घेणं आधी थांबवा. चांगल्या ग्रंथी कारण नसताना पिळल्या की सुजतात, सुजल्या की तोंड अरुंद होतं, मग खरंच तुंबतात. भरलेल्या असतील तर डॉक्टर तपासून रिकाम्या करतील, आणि आतलं द्रव्य पाहून संसर्ग आहे का तेही सांगतील. जंताचं औषध आणखी देऊ नका, त्याआधी शी तपासून घ्या. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे दिसले, तर तो पट्टकृमी. त्याचं औषध वेगळं असतं आणि पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो.

शी मऊ होते का, वजन वाढलं आहे का, याचं उत्तर पत्रात नाही. बहुधा दोन्हींचं उत्तर हो असेल. चहाबरोबर बिस्किट, जेवताना पोळीचा तुकडा, संध्याकाळी पनीर, असं चालू असेल तर बंद करा. तिच्या नेहमीच्या खाण्यात उकडलेला लाल भोपळा एक-दोन चमचे घाला, मीठ-फोडणीशिवाय. तिथे एका बाजूला लाल, गरम सूज दिसली किंवा हात लावल्यावर ती ओरडली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. गळू फुटल्यावर वेदना फार असतात.

प्रश्न : माझा मोती, पॉमेरेनियन, अकरा वर्षांचा. पत्नी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्याच्या तोंडाला इतका वास येतो की जवळ घेववत नाही, आणि तो तर जवळ यायलाच बघतो. दातांवर पिवळं-तपकिरी किटण आहे. डॉक्टर म्हणतात, भूल देऊन दात साफ करावे लागतील. या वयात भूल द्यायचं माझं धाडस होत नाही. भूल न देता घरी येऊन दात घासून देणारे कुणी आहेत असं कळलं. तो दूध-पोळी व्यवस्थित खातो, म्हणजे दुखत नसावं.
— एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमची भीती मला समजते. तरीही मी त्या डॉक्टरांच्याच बाजूने आहे.

ग्रेट डेन असो की मोती, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला दात बेचाळीसच. मोतीच्या इवल्याशा जबड्यात ते दाटीवाटीने बसलेले असतात. छोट्या जातींत दुधाचे दातही कधी कधी पडत नाहीत, नवा दात शेजारीच उगवतो आणि मधल्या फटीत अन्न साचतं. त्या थराचं काही दिवसांत किटण होतं. किटणाखालून जंतू हिरडीच्या आत शिरतात, दाताभोवतीचं हाड झिजवतात. वास त्या हिरडीखालच्या कुजण्याचा आहे. जे पिवळं दिसतं ती वरची बाजू झाली, आजार खाली आहे.

म्हणून भूल न देता घासण्याने काहीच साधत नाही. दिसतो तेवढा भाग पांढरा होतो, हिरडीखालचं सगळं तसंच राहतं, आणि आपल्याला वाटतं की काम झालं. शिवाय जागा असलेला, दात दुखणारा म्हातारा कुत्रा धरून ठेवून तोंडात धारदार हत्यार घालायचं, याचा त्याला होणारा त्रास तुम्हाला बघवणार नाही.

तो जेवतो म्हणून दुखत नाही, असं धरू नका. कुत्री दातदुखी सोसून खात राहतात. दुधात भिजवलेली पोळी चावावी लागत नाही, म्हणून ती चालते. एकाच बाजूने चावतो का, कडक बिस्किट उचलून परत टाकतो का, तोंडाला हात लावला की मान फिरवतो का, हे दोन दिवस बघा. शिंका आणि एका नाकपुडीतून स्राव असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. वरच्या सुळ्याचं मूळ आणि नाक यांच्यामध्ये पातळसं हाड असतं. ते झिजलं की तोंडातून नाकात भोक पडतं. खालचा जबडाही छोट्या कुत्र्यांत इतका कमकुवत होतो की साध्या धडकेने मोडू शकतो.

आता भूल. वय हा स्वतः आजार नाही, पण वयाबरोबर येणारे आजार आधी शोधायला हवेत. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंड, यकृत आणि साखर बघतात. छाती नीट ऐकतात, कारण छोट्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळणं सर्रास आढळतं. गरज पडली तर एक्स-रे आणि सोनोग्राफी. डॉक्टरांना थेट विचारा : श्वासनळीत नळी घालून गॅसची भूल देणार का? सलाइन चालू असेल का? भुलेत असताना नाडी, रक्तदाब, शरीराची ऊब यांवर नुसती नजर ठेवायला दुसरी व्यक्ती असेल का? दातांचा एक्स-रे काढायची सोय आहे का? उत्तरं मोकळेपणाने मिळाली तर पुढे जा. टाळाटाळ झाली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, पुण्यात त्याची अडचण नाही. हललेले दात बहुधा काढावे लागतील. त्याची भीती नको. दुखरे दात गेल्यावर ही कुत्री पुन्हा हुशारीने खायला लागतात, हे मी नेहमी बघते.

वास नेमका कसा आहे, तेही लक्षात घ्या. कुजका असेल तर दात-हिरड्या. लघवीसारखा, अमोनियाचा असेल आणि तो पाणीही जास्त पीत असेल, तर मूत्रपिंड. पिकल्या फळासारखा गोडसर असेल आणि तो मलूल दिसत असेल, तर मधुमेह बिघडल्याची शक्यता आहे. तेव्हा दातांसाठी ठरवलेल्या तारखेची वाट पाहू नका, लगेच न्या.

दात साफ झाल्यावर रोज घासायचे. बोटात घालायचा रबरी ब्रश मिळतो आणि कुत्र्यांसाठी वेगळी पेस्ट येते. आपली पेस्ट नको. तिच्यात फेसाची रसायनं आणि फ्लोराइड असतं, कुत्रा चूळ भरू शकत नाही, सगळं गिळतो. काही पेस्टमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली जाते आणि यकृत निकामी होऊ शकतं. पहिले काही दिवस नुसतं बोट हिरडीवरून फिरवा, संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी, त्याच जागी बसून. दातांसाठी चांगलं म्हणून कुणी टणक हाड द्यायला सांगेल. देऊ नका, त्याने दाढा फुटतात.

प्रश्न : आमचा पग रात्रभर गॅस सोडतो. मुलं खोलीत झोपायला तयार नाहीत. नाकाच्या घडीतूनही वास येतो.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : चपट्या तोंडाचं कुत्रं खाताना बरीच हवा गिळतं. जेवण दोन-तीन वेळांत विभागा, हावरटपणे खात असेल तर उंचवटे असलेली थाळी आणा. दूध बंद करा, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यांपैकी अनेकांना ते पचत नाही. खाणं बदलायचं तर आठवडाभरात हळूहळू बदला. वजन घटत असेल किंवा शी सतत पातळ असेल तर तपासणी हवी.

नाकाची घडी रोज ओल्या कापसाने पुसा आणि लगेच कोरडी करा. पावडर घालू नका, तिचा लगदा होतो. वळलेल्या शेपटीखालीही अशीच एक खोबण असते. ती कुणी बघत नाही, तिथेही पुसा. कातडी लाल किंवा ओलसर दिसली तर मलम डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : आमची राणी ल्हासा आहे, सात वर्षांची, नसबंदी केलेली नाही. साधारण दीड महिन्यापूर्वी माजावर येऊन गेली. चार दिवसांपासून शेपटीखाली घाण वास आणि चिकट, तांबूस-पिवळा स्राव आहे. पुन्हा माजावर आली का? पाणी खूप पिते, जेवत नाही, काल दोनदा उलटी झाली. अंघोळ घातली तरी वास जात नाही.
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : हे पत्र अंक निघेपर्यंत ठेवण्यासारखं नव्हतं. पत्रात फोन नंबर होता म्हणून मिळालं त्याच दुपारी मी या ताईंशी बोलले आणि राणीला तासाभरात दवाखान्यात न्यायला सांगितलं. सोनोग्राफीत गर्भाशयात पू भरलेला दिसला. संध्याकाळी शस्त्रक्रिया करून गर्भाशय आणि अंडाशय काढले. राणी आता घरी आहे आणि जेवते आहे. ताईंच्या परवानगीने इथे छापते, कारण ही लक्षणं घरोघरी माहीत असायला हवीत.

या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. माज संपल्यावर काही आठवड्यांनी, संप्रेरकांच्या प्रभावामुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि तिथे जंतू वाढतात. नसबंदी न झालेल्या मध्यम आणि उतारवयाच्या माद्यांत हा कधीही होऊ शकतो. वास आणि स्राव दिसला तर एका अर्थाने नशीब, कारण लक्ष तरी जातं. गर्भाशयाचं तोंड बंद राहिलं तर बाहेर काहीच येत नाही. वास नसतो, पोट फुगतं, विष अंगात भिनतं आणि कुत्री एक-दोन दिवसांत दगावू शकते. म्हणून माजानंतरच्या दोन-तीन महिन्यांत मादी जास्त पाणी पिऊ लागली, जेवण सोडलं, उलट्या झाल्या, तर वास असो-नसो, थांबू नका. पिल्लं घ्यायची नसतील तर तरुण आणि ठणठणीत असतानाच नसबंदी करून घ्या. आजारी पडल्यावर तीच शस्त्रक्रिया कितीतरी जोखमीची होते.

ताई, तुम्ही फोनवर विचारलं होतं, तिला अंघोळ कधी घालायची. टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, अजिबात नाही. शेपटीखालचे केस डॉक्टरांकडून आखूड करून घ्या, ती जागा कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने पुसा, टाक्यांना पाणी लागू देऊ नका आणि टाके चाटू नयेत म्हणून घातलेली गळ्यातली कॉलर, ती कितीही केविलवाणी दिसली तरी, काढू नका.